एकाच पंगतीचा आग्रह धरणाऱ्या यशोधराबाई

यशोधराबाई सरवदे यांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांच्या तक्रारीमुळं. धाराशिवच्या बसस्थानकामागच्या गल्लीत संकेतस्थळं तयार करून देण्याची माझी छोटी कार्यशाळा आहे. तेव्हा ती नुकतीच सुरू झाली होती. एका वाचनालयाचं संकेतस्थळ करून दिल्यामुळं मी स्वतःवर भलताच खूश होतो. अशाच एका दुपारी पांढरी काठी उंबऱ्याला टेकवत एक बाई दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "वाचनालयाचं ते पान तुम्हीच केलंय का?" समोरच्या झेरॉक्सवाल्यानंही मान वर करून पाहिलं.

मी मोठ्या अभिमानानं हो म्हणालो. मला वाटलं, कौतुक करायला आल्या असतील.

"मग मला एक सांगा. त्या पानावर इतकी बटनं आहेत आणि सगळ्यांचं नाव 'बटन' कसं काय? माझा संगणक वाचतोय, बटन, बटन, बटन. वर्गातल्या सगळ्या पोरांचं नाव 'पोरगं' ठेवलं तर मी हजेरी कशी घ्यायची?"

ज्यांना दिसत नाही ते संगणकावर एक वाचक आवाज बसवून घेतात आणि पडद्यावरचा मजकूर तो त्यांना वाचून दाखवतो, हे मला तोवर ऐकूनही ठाऊक नव्हतं. शोधण्याच्या बटनावर मी भिंगाचं सुरेख चित्र टाकलं होतं. डोळसाला ते पुरतं. आवाजाला चित्र कळत नाही, त्याला बटनाचं नाव लिहून द्यावं लागतं. बाईंनी चहा मागवायला लावला, माझ्या संगणकासमोर मलाच बसवलं, सांगून सांगून त्यावर तो वाचक आवाज चालू करवला, खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल पडद्यावर टाकला आणि माऊस उचलून आपल्या पिशवीत घातला. म्हणाल्या, "आता शोधा एखादं पुस्तक." मी कळफलक बडवत राहिलो आणि आवाज मला बटन, बटन ऐकवत राहिला. माझंच पान, पण त्यात मला वाट सापडेना. बाई खळखळून हसल्या. "घाबरू नको रे, मलाबी पहिल्यांदा असंच झालं होतं." चहा संपेपर्यंत त्या 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या होत्या, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्या विद्यार्थ्यांत जमा झालो.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शाळेतले विद्यार्थी आणि सहकारी लिहितीलच. मी त्यांच्या उत्तरायुष्यातला शिष्य. त्यामुळं पूर्वायुष्याबद्दल थोडंच लिहितो, आणि तेही त्यांच्याकडून बसमधून जाता-येता ऐकलेलं. बाईंचं गाव तेरपासून चालत जाण्याच्या अंतरावर. घरात शेतमजुरी. धम्मदीक्षेनंतर वडिलांनी शाळेत घालताना त्यांचं नाव बदलून यशोधरा ठेवलं, आणि लेकीला सांगितलं की हे नाव हाक मारताना कुणी तोडलं तर ओ द्यायची नाही. बाईंनी हे अक्षरशः पाळलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. मध्यम वयात रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, मग समोरचं. निवृत्तीच्या आधीची काही वर्षं तर त्या फळ्यावर अंदाजानं लिहायच्या आणि ओळ वाकडी गेली की पोरंच सांगायची, "बाई, उतार लागला." बाईंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते निवृत्तीनंतर, जेव्हा लोक त्यांच्यादेखत त्यांच्या मुलाला विचारू लागले, "आई चहा घेतात का?"

त्या वयात बाई संगणक शिकल्या. त्या वाचक आवाजाला त्या 'आमची सूनबाई' म्हणतात. "समोर जे आसंल तेच बोलती, मनाचं काही सांगत न्हाय, आणि लई भरभर बोलती" ही त्यांची सूनबाईबद्दलची कायमची कुरकुर, आणि तिच्यावाचून त्यांचं पानही हलत नाही.

बाईंची काम करण्याची रीत म्हणजे तो टॉवेल. आमच्या कार्यशाळेत खिळ्याला एक टॉवेल कायम टांगलेला असतो. नवखं गिऱ्हाईक त्याला तोंड पुसायला जातं. कुठलंही संकेतस्थळ पूर्ण झालं की बाई येतात, टॉवेल पडद्यावर पडतो, माऊस पिशवीत जातो, आणि ज्यानं ते केलं त्यानंच ते वापरून दाखवायचं. अर्ज भरायचा, चूक करायची, चूक दुरुस्त करायची, पैसे भरण्याच्या पानापर्यंत जायचं. कुठं अडलं की बाई फक्त "हं" म्हणतात. त्या "हं"ला आमच्याकडची पोरं परीक्षेच्या निकालापेक्षा जास्त भितात. चित्रातली वाकडीतिकडी अक्षरं ओळखून आपण माणूस असल्याचं सिद्ध करा, असं एखाद्या पानानं म्हटलं की बाई म्हणतात, "मी माणूस आहे हे या पानाला दिसत न्हाय, तर आंधळं कोण झालं?"

त्या हट्टी आहेत. गौरवलेखात असं लिहू नये म्हणतात, पण खोटं कशाला लिहू? पूर्वी त्या म्हणायच्या, संकेतस्थळावर चित्रं हवीतच कशाला, सगळी काढून टाका. तेरला एका मेळाव्यात एक कर्णबधिर सुतार उभे राहिले आणि त्यांनी हातवारे करून आपल्या मुलीमार्फत सांगितलं, की लांबलचक मजकुरानं माझा जीव दमतो, चित्र असलं की झटकन कळतं, तुम्ही माझं कळणं काढून घेऊ नका. बाईंनी माईक मागून घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चुकलं माझं. चित्रं ठेवा, शब्दबी ठेवा." मेळाव्यानंतर त्या त्यांच्याशी, म्हणजे मुलीमार्फत, इतका वेळ बोलत बसल्या की आमची शेवटची गाडी चुकायची वेळ आली.

माझ्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हाची गोष्ट सांगितल्याशिवाय माझ्याच्यानं पुढं जाववणार नाही. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं आणि रोज वर्तमानपत्र चाळणारा माणूस भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागला. बाईंना कुठूनसं कळलं. रिक्षा करून घरी आल्या. माझ्या वडिलांना म्हणाल्या, "दादा, मला डोळं न्हायत, तुमचा एक हात न्हाय. दोघांत मिळून चांगला माणूस होतोय बघा." नात्यातलं कुणी असं बोललं असतं तर वडिलांना राग आला असता. त्या दिवशी ते हसले. आजारानंतर पहिल्यांदा. मग बाई दर आठवड्याला येत राहिल्या आणि डाव्या हाताच्या बोटांनी कळफलकावरून बातम्यांची पानं कशी उघडायची, हे त्यांना शिकवत राहिल्या. ज्या पानांवर माऊसशिवाय पुढं जाता येत नसे, त्यांच्या मालकांना बाई फोन करून झाडत, आणि मागून वडील जड जिभेनं दाद देत. पुढं त्या दोघांची राजकारणावरून इतकी भांडणं व्हायची की आई दार लावून घ्यायची. वडील आता नाहीत. त्यांची शेवटची वर्षं भिंतीकडं तोंड करून गेली नाहीत, हे बाईंचं माझ्यावरचं ऋण आहे आणि ते फिटावं अशी माझी इच्छाही नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्याकडं येतो.

आपल्या शहरातल्या एका शिक्षणसंस्थेनं आपल्या संकेतस्थळाचं काम मला दिलं. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माणसं भली होती आणि पुढं जे झालं ते कुणी वाईट मनानं केलं नव्हतं. संस्थेच्या सचिवांनी बाईंना बैठकीला सन्मानानं बोलावलं आणि मोठ्या उत्साहानं आपली कल्पना मांडली. मुख्य संकेतस्थळ राहील तसंच, शिवाय दिव्यांगांसाठी एक वेगळं संकेतस्थळ करायचं. मोठी अक्षरं, साधी पानं, वाचक आवाजाला सोपं. बाईंच्या हस्ते उद्घाटन. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर मलाही कल्पना चांगलीच वाटली होती.

बाई म्हणाल्या, "नको."

सचिव गोंधळले. "बाई, तुमच्याचसाठी करतोय."

"तेच नको. साहेब, वेगळ्या पंगतीत मी लहानपणी बसलेली आहे. गावातल्या लग्नाला आमाला बोलवायचे, प्रेमानं बोलवायचे, आणि गोठ्याच्या कडंला वेगळं बसवायचे. तिथं वाढपी शेवटाला येतो. येतो तवर भाजी संपलेली असती. कुणी मुद्दाम संपवत न्हाय, पण संपती. मला वेगळं पान नको. आहे त्याच पंगतीत माझं पान मांडा."

बाई आपल्या बालपणाबद्दल चारचौघांत बोलत नाहीत. इतक्या वर्षांत मीही हे पहिल्यांदाच ऐकत होतो. सचिवांना मनापासून वाईट वाटलं. पण मुख्य संकेतस्थळ नव्यानं बांधायचं तर वेळ लागणार होता आणि प्रवेश तोंडावर आले होते. यंदापुरतं वेगळं करू, पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. बाईंनी वाद घातला नाही, मात्र उद्घाटनाला त्या आल्या नाहीत. शाल आणि नारळ संस्थेचा शिपाई त्यांच्या घरी देऊन आला.

त्याच वर्षी रुक्मिणीला त्या संस्थेच्या महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा होता. रुक्मिणी तेरखेड्याची. फटाक्यांना वाती लावायच्या कामावर असताना भाजली आणि तिचे दोन्ही डोळे गेले. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं. भावाच्या घरी तिला कुणी त्रास देत नव्हतं, उलट ताट हातात, पाणी हातात. अंगणात जायचं तरी भावजय हात धरायची. बाईंकडून ती फोनवर आणि संगणकावर वाचक आवाज शिकली, बाहेरून बारावी झाली. तिला बी.ए. करायचं होतं आणि त्यासाठी वसतिगृहात जागा हवी होती, कारण रोज एसटीनं जाणं-येणं तिला जमण्यासारखं नव्हतं. भावानं सांगितलं होतं, यंदा जागा मिळाली तर जा, न्हायतर पुन्हा हा विषय काढायचा नाही. भाऊही वाईट नव्हता, घाबरलेला होता.

रुक्मिणीनं दिव्यांगांसाठीच्या त्या वेगळ्या संकेतस्थळावर वसतिगृहाच्या अर्जाची मुदत वाचली आणि मुदतीच्या आत, कुणाचीही मदत न घेता, स्वतः बसून अर्ज भरला. शेवटचं बटन दाबल्यावर आवाज म्हणाला, मुदत संपली आहे.

झालं असं, की काही कारणानं संस्थेनं वसतिगृहाची मुदत आठवडाभर अलीकडं घेतली होती. सूचना मुख्य संकेतस्थळावर लागली. वेगळ्यावर लावायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. अर्ज मात्र दोन्हीकडचे एकाच ठिकाणी जमा होत, आणि तिथं नवी मुदत लागू झाली होती. जागा भरून गेल्या होत्या.

रुक्मिणीचा फोन आला तेव्हा बाई माझ्या कार्यशाळेत होत्या. "बघ, मी म्हणाले होते" असं त्या म्हणतील, याची मी वाट पाहत होतो. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. रुक्मिणीला एवढंच म्हणाल्या, "रडू नको. उद्याच्या पहिल्या गाडीनं ये."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सचिवांच्या दालनात गेलो. सचिवांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि लगेच म्हणाले, "बाई, चूक आमची आहे. एक राखीव खोली आहे, ती देऊ. 'विशेष बाब, सहानुभूतीनं मंजूर' असा शेरा मारून आजच देतो."

मला हायसं वाटलं. बाईंनी मात्र मान हलवली.

"सहानुभूती कशाला? तिनं जी मुदत वाचली ती तुमचीच होती का न्हाय?"

"होती."

"त्या मुदतीत तिनं अर्ज भरला का न्हाय?"

"भरला."

"मग ती वेळेत आलेली आहे. उशीर तुमच्या सूचनेला झाला. शेरा मारायचाच तर तिच्यावर का?"

सचिव नियमांचं काही सांगू लागले. बाईंचा आवाज चढत गेला. तेवढ्यात रुक्मिणीनं चाचपडत बाईंचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "बाई, देतायत तर घिऊ द्या की वो. खोली गेली तर म्या कुठं जाऊ?"

बाई थांबल्या. इतक्या वर्षांत त्यांना वादात मधेच थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. आपला आग्रह आणि या पोरीचं आयुष्य एकमेकांसमोर येऊन उभी ठाकलीत, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्या खुर्चीत मागं टेकल्या आणि म्हणाल्या, "व्हय. खोली तुला पायजे, मला न्हाय. तूच बोल."

रुक्मिणी उठून उभी राहिली. "साहेब, खोली मी घेते. न्हाय म्हणत न्हाय. पर तेवढं सहानुभूतीचं नका लिहू. आजवर समद्यांनी मला सहानुभूतीनंच सांभाळलंय. ह्यो अर्ज म्या एकटीनं भरलाय. वेळेत आला, एवढंच लिव्हा."

सचिवांनी पेन उचललं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचून दाखवलं, "अर्ज मुदतीत प्राप्त. प्रवेश मंजूर." रुक्मिणीनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. निघताना सचिवांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "ते दुसरं दुकान बंद करा. कितीही वेळ लागू दे, सगळ्यांना एकाच दारातून आत येऊ द्या." पुढच्या प्रवेशाच्या आधी आम्ही ते केलं. टॉवेलखाली बसण्याची पहिली पाळी सचिवांनी स्वतः मागून घेतली, घामाघूम झाले, पण अर्ज भरूनच उठले.

त्या दिवशी सचिवांच्या दालनातून बाहेर पडल्यावर आम्ही बसस्थानकावर उसाचा रस प्यायलो. बाईंनी निम्मा पेला तसाच ठेवला. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आज माझ्या हट्टापायी पोरीची खोली घालवली असती रे मी. ती माझ्यापेक्षा शहाणी निघाली." आणि मग एकदम, "बरं झालं."

रुक्मिणी बी.ए. झाली. आज ती माझ्याच कार्यशाळेत कामाला आहे. टॉवेलाची गरज नसलेली आमची पहिली परीक्षक. तिच्यापुढं बाईंचं "हं" परवडलं असं पोरं म्हणतात.

हा गौरवग्रंथ छापील निघतोच आहे. बाईंना तो दुसऱ्या कुणी वाचून दाखवावा लागू नये म्हणून तो संकेतस्थळावरही येतो आहे, आणि ते काम रुक्मिणीनं तपासलं. तिनं पहिल्याच पानावर ते परत पाठवलं. पहिल्या पानावर बाईंचा फोटो होता आणि त्याचं वर्णन म्हणून मी लिहिलं होतं, 'सत्कारमूर्ती यशोधराबाई सरवदे यांचे छायाचित्र'.

"हे मला ठाऊकच हाय," रुक्मिणी म्हणाली. "फोटोत काय हाय ते सांगा."

मी लिहिलं, 'ज्ञानाच्या तेजानं उजळलेला प्रसन्न चेहरा'.

"तेज कुठं असतंय वो चेहऱ्यावर? नाकावर का गालावर?" मग ती म्हणाली, "मी बाईंना कधी बघितलंच न्हाय. आणि बाईंनी तरी स्वतःला कधीपासून बघितलं न्हाय, इचारलंय का? खरं लिव्हा. त्यास्नी खोटं चालत न्हाय."

मी विचारलं नव्हतं. बाईंनी आरशात स्वतःला शेवटचं पाहिलं तेव्हा त्यांचे केस काळे होते. त्या दिवशी कितीतरी वेळ मी त्या फोटोसमोर नुसता बसून होतो. मग लिहिलं ते असं:

'एक वयस्क बाई दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या आहेत. केस सगळे पांढरे, मागं अंबाडा. कपाळावर आडव्या आठ्या, डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या, हसताना पडतात तशा. खालचा एक दात नाही. नजर कॅमेऱ्याकडं नाही, मान डावीकडं कललेली आहे, तिकडून कुणीतरी बोलत असावं. उजवा हात त्याला थांबवण्यासाठी वर उचललेला. तोंड उघडं आहे. बाई काहीतरी बोलायच्या बेतात आहेत, आणि ते समोरच्याला आवडणार नाही, तरी त्या हसत आहेत.'

रुक्मिणीनं ते दोनदा ऐकलं आणि पुढच्या पानावर गेली.

बाई, तुम्ही हे घरी एकट्या बसून ऐकत असाल. कुणी शेजारी बसून, गाळून, गोड करून तुम्हाला सांगत नाहीये. तुमच्या सूनबाईच्या तोंडून, आम्ही सगळे वाचतो तेच, त्याच ओळीत तुम्ही ऐकताय. तुमची प्रकृती चांगली राहो, आवाज असाच खणखणीत राहो. दर वाढदिवसाला तुमचा नवा फोटो निघो, सुरकुत्या वाढोत, आणि हे वर्णन जुनं झालं म्हणून रुक्मिणीनं आम्हाला ते पुन्हा पुन्हा, पुष्कळ वर्षं, नव्यानं लिहायला लावो.